बरा दिसतो म्हणून पंप बंद करू नका

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १३ किलो. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. गेल्या पावसाळ्यापासून याची प्रत्येक सर्दी छातीत उतरते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकल्याची ढास लागते, पोट उडतं, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. नेब्युलायझरसाठी तीनदा रात्री धावत जावं लागलं. दोनदा पाच-पाच दिवस स्टेरॉइडचं सिरप दिलं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी बालदमा आहे म्हणून पंप आणि त्याला जोडायचा प्लास्टिकचा नळकांड्यासारखा स्पेसर दिला. सकाळ-संध्याकाळ एकेक पफ, तीन महिने. बारा दिवसांत खोकला पूर्ण गेला म्हणून आम्ही बंद केला, कारण त्यात स्टेरॉइड असतं, सवय लागते, उंची खुंटते असं सगळे सांगतात. तीन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू झालं. सासूबाई म्हणतात, छातीत कफ आहे, मोठा झाला की जाईल, केळी-दही बंद कर. शेजारचे मृगाला हैदराबादला न्या म्हणतात. याच्या आत्याला लहानपणी दमा होता, याच्या बाबांना सकाळी उठल्यावर शिंका येतात. हा खरंच दमा आहे का? पंप जन्मभर लागेल का? आणि याला अंगणात पळू द्यायचं की नाही?
— एक आई

प्रिय ताई,

बारा दिवसांत खोकला गेला याचा अर्थ औषध लागू पडलं. औषधाची गरज संपली, असा मात्र त्याचा अर्थ होत नव्हता. दम्याच्या बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, म्हणून तुमच्या बाकीच्या प्रश्नांआधी हेच घेते.

दम्यात फुप्फुसांत हवा नेणाऱ्या बारीक नळ्यांना आतून सूज असते. सर्दीत नाक चोंदलं की आपल्याला लगेच जाणवतं, पण या नळ्यांची सूज थोडी असताना काहीच जाणवत नाही. मूल हसतं, जेवतं, झोपतं. आतलं अस्तर मात्र हुळहुळं झालेलं असतं. त्यावर सर्दीचा विषाणू, धूर किंवा पहाटेची गार हवा आली की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, आणि त्या अरुंद वाटेतून हवा बाहेर पडताना तुम्हाला ऐकू येते ती शिट्टी वाजते. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या नळ्या मुळातच बारीक, त्यामुळे थोड्या सुजेनेही श्वासाची ओढाताण होते. औषध सुरू केल्यावर खोकला काही दिवसांत थांबतो, सूज उतरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले ते यासाठी. तुम्ही बाराव्या दिवशी थांबलात, तेव्हा आत अजून सूज होती.

तुमच्याकडे बहुधा दोन पंप असतील, नसतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. एक आवळलेली नळी उघडणारा, ज्यात साल्ब्युटामोल किंवा लेवोसाल्ब्युटामोल असतं. तो काही मिनिटांत गुण देतो आणि त्याचा परिणाम चारेक तासांत ओसरतो. दुसरा सूज उतरवणारा, त्यात बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असतं. धाप लागलेली असताना तो दिला तर तासाभरात काहीच फरक दिसणार नाही, कारण त्याचं ते कामच नाही. लगेच गुण देणाऱ्या औषधावर माणसाचा विश्वास बसतो, आणि रोज घेऊनही काही ‘न करणारं’ औषध पहिलं बंद होतं. प्रत्यक्षात रात्रीची धावपळ वाचवतं ते हे दुसरंच. दोन्ही पंपांवर पांढरी चिकटपट्टी लावून एकावर ‘रोजचा’ आणि दुसऱ्यावर ‘त्रासाचा’ असं ठळक लिहा. रंगावर भिस्त ठेवू नका. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

आता, हा दमाच का? पाच वर्षांखालच्या मुलांत याचं उत्तर एका तपासणीने मिळत नाही. मोठ्यांना फुंकायला लावून जी श्वासाची चाचणी करतात, ती एवढ्या लहान मुलाला नीट जमत नाही. रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे यांनीही दमा ‘सापडत’ नाही. निदान होतं ते हकिकतीवरून, आणि तुमची हकिकत बोलकी आहे. वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा शिट्टीसह धाप, रात्री आणि पहाटे वाढणारा खोकला, आत्याला दमा, बाबांना नाकाची अ‍ॅलर्जी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पंप सुरू केल्यावर आराम, बंद केल्यावर पुन्हा त्रास. अजून दोन गोष्टी आठवून पाहा. बाळ असताना गालांवर किंवा कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत खाजरे कोरडे चट्टे होते का? आणि सर्दी नसतानाही धावल्यावर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर खोकला येतो का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर मला फारशी शंका राहणार नाही.

पुढच्या वेळी रात्री त्रास झाला की डॉक्टरांकडे निघण्याआधी त्याचा सदरा वर करून छाती-पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, आवाजासह. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल बऱ्याचदा शांत झालेलं असतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. आईने ‘घरघर’ म्हटलं तरी ती नाकातली, घशातली की छातीतली, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. असा एक व्हिडिओ पुष्कळ तपासण्यांपेक्षा उपयोगी पडतो.

काही खुणा मात्र दम्याकडून दुसरीकडे बोट दाखवतात. खेळता-खाताना अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला आणि तेव्हापासून थांबलाच नाही, तर श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा चिंचोका अडकला असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. वजन वाढत नसेल, ताप रेंगाळत असेल, घरात किंवा शेजारी कुणाला क्षयरोग असेल, किंवा जन्मल्यापासूनच श्वासाला आवाज असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

स्टेरॉइडची भीती. ती मला समजते. आपल्याकडे त्या नावाचा धसका आहे, आणि दुखण्यांवर वाटेल तशा स्टेरॉइडच्या गोळ्या वाटल्या गेल्या आहेत, त्यामुळे तो अगदीच उगाच नाही. पण तुमच्या घरात नेमकं उलटं घडलंय, ते आकड्यांत पाहा. मुलांच्या पंपातून एका पफमध्ये साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध येतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. तोंडाने द्यायच्या स्टेरॉइडचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोला रोज १ ते २ मिलिग्रॅम असतो. १३ किलोच्या मुलाला म्हणजे कमीत कमी १३ मिलिग्रॅम, तेही एका दिवसाचे. रोज दोन पफ दिले तर १३ मिलिग्रॅम पोटात-फुप्फुसात जायला ६५ दिवस लागतील. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशेब काटेकोर धरू नका, पण फरक केवढा आहे ते त्यातून दिसतं. शिवाय सिरप सगळ्या शरीरात फिरतं, पंपाचं औषध मुख्यतः नळ्यांवर बसतं. पंपाला घाबरून तुम्ही तो बंद केलात आणि त्यापायी सिरप दोनाऐवजी चारदा द्यावं लागलं, तर जे टाळायचं होतं तेच पदरात पडेल. अचानक तीव्र त्रास झाला तर सिरप लागतं आणि तेव्हा ते द्यायलाच हवं. रोजच्या पंपाचा उद्देश हाच, की ती वेळ येऊ नये.

उंचीचंही खरं तेच सांगते. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात शाळकरी मुलांना चार ते सहा वर्षं रोज बुडेसोनाइड दिलं आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१२ साली निष्कर्ष आले. औषध घेतलेल्यांची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही घट पहिल्या एक-दोन वर्षांत होते आणि पुढे वाढत जात नाही. म्हणजे परिणाम शून्य नाही, पण पाऊण बोटही नाही. रात्र-रात्र न झोपणारं, आजारपणात जेवण टाकणारं मूलही नीट वाढत नाही, हे या हिशेबात कुणी धरत नाही. दर तीन-चार महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा, म्हणजे ऐकीव भीतीवर राहायला नको. आणि सवयीबद्दल एवढंच, की या औषधाचं व्यसन लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत आला तो दम्यामुळे.

पंप कसा देता, यावर अर्धं यश अवलंबून आहे, म्हणून हे जरा सविस्तर. मुलाला मांडीवर ताठ बसवा. पंप चांगला हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाक-तोंडावर फट न राहता बसवा. एकदाच दाबा आणि पाच-सहा श्वास होईपर्यंत मास्क हलवू नका. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, तीच सगळी कृती करा. दोन पफ एकदम दाबले तर औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटतं. जोरात रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार कमी पोचतं, त्यामुळे हातपाय धरून देण्यापेक्षा आधी बाहुलीला द्या, बाबांना द्या, त्याला स्वतःला मास्क धरू द्या. रोजचा पंप दिल्यावर चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा पुसा, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच अडकतं. पंपात किती पफ आहेत ते डब्यावर लिहिलेलं असतं. सुरू केल्याची तारीख लिहून हिशेब ठेवा. हलवून ‘अजून आहे’ असं वाटतं तेव्हा कधीकधी आत नुसता वायू असतो.

नेब्युलायझरचं मशीन विकत घ्यायची घाई करू नका. साध्या आणि मध्यम त्रासात स्पेसरमधून दिलेला पंप मशीनच्या तोडीस तोड काम करतो, वेळ कमी लागतो, आणि वीज गेली तरी चालतो. ज्यांना स्पेसर घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिलं होतं, की अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून ती घट्ट बसवली, तर तीही स्पेसरचं काम करते. गरम पाण्याची वाफ मात्र दम्यावर उपाय नाही, आणि लहान मुलं त्या पातेल्याने भाजतात.

सासूबाईंना दोष देऊ नका. छातीत कफ असतो हे त्या बरोबर सांगताहेत, फक्त तो सुजेमुळे येतो. केळी, दही, पेरू, भात यांनी दमा होतो याला आधार नाही. एखाद्या विशिष्ट पदार्थाने दर वेळी तासा-दोन तासांत पित्त उठत असेल किंवा खोकला येत असेल तरच तो टाळा. नाहीतर १३ किलोच्या मुलाचं दही-केळं तोडून त्याचं नुकसानच होईल. खोकल्याची सिरपं मात्र बंद करा. ती सूज उतरवत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागात विषारी रसायन असलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली, त्यांतली अनेक नागपुरात उपचाराला आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत. आणि मृगात हैदराबादला जिवंत माशातून देतात त्या औषधाबद्दल म्हणाल, तर आधीच धाप लागणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या घशात जिवंत मासा घालणं मला धोक्याचं वाटतं. त्याने दमा बरा होतो असं कधी सिद्ध झालेलं नाही. कोजागिरीच्या खिरीतल्या औषधालाही हेच लागू. खीर खुशाल खाऊ द्या.

घरात सगळ्यात आधी धूर थांबवा. डासांच्या कॉइलचा धूर बंद खोलीत रात्रभर मुलाच्या नाकाशी असतो. ती आजच टाकून मच्छरदाणी लावा. उदबत्ती आणि धूप मुलाच्या खोलीत नको, देवापुढे निरांजन पुरे. हे सासूबाईंना नातवाच्या नावाने सांगा, त्या ऐकतील. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ‘बाहेर ओढतो’ एवढ्यावर समाधान मानू नका, कपड्यांतूनही तो धूर आत येतो. फोडणीच्या वेळी मूल स्वयंपाकघराबाहेर. दिवाळीत सापाच्या गोळ्या अजिबात नकोत. आवाज नाही म्हणून त्या निरुपद्रवी वाटतात, पण पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने लहान मुलांचे फटाके तपासले तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म धूलिकण त्यांतूनच निघाले होते.

तुमच्या भागात ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, तो धूर तुम्ही एकट्या थांबवू शकत नाही. त्या दिवसांत रोजचा पंप एकदाही चुकवू नका, शेत पेटलेलं दिसलं की खिडक्या लावून त्याला घरात घ्या. स्वतःच्या शेतात तरी पाचट कुजवा. जमिनीलाही ते हिताचं, कृषी खातं कधीचं सांगतंय. गाद्या-गोधड्यांतल्या धुळीच्या किड्यांसाठी अभ्रे-चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गोधड्या कडक उन्हात घाला, आणि केर काढताना त्याला खोलीबाहेर ठेवून ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली असेल तर त्याचा पलंग तिथून हलवा. फ्लूची लस पावसाळ्याआधी दरवर्षी द्या.

त्रास झालाच, तर काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कपाटाच्या दारावर चिकटवा. सर्वसाधारण पद्धत अशी आहे: ‘त्रासाचा’ पंप, स्पेसरमधून, एकामागून एक दोन पफ. आराम नसेल तर २० मिनिटांनी पुन्हा दोन, आणि गरज पडली तर आणखी २० मिनिटांनी पुन्हा दोन. एवढ्यानेही आराम नसेल, किंवा आराम पडून थोड्याच वेळात धाप परत येत असेल, तर दवाखाना गाठा. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर वाट पाहायचीच नाही: बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बोलता किंवा पाणी पिता येत नाही, ओठ निळसर-काळपट पडतात, मूल सुस्त होतं किंवा गोंधळल्यासारखं करतं. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, आणि वाटेतही पंप देत राहा. जोराची धाप असताना शिट्टीचा आवाज एकाएकी बंद झाला तर तो आराम समजू नका, हवा आत जाणंच कमी झालेलं असू शकतं. मूल शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. कोरोनाच्या काळातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर वापरा, ९२ च्या खाली आकडा म्हणजे तातडीने दवाखाना. पण आकडा चांगला आणि मूल ओढून श्वास घेतंय, तर मुलाकडे बघा. लहान बोटावर ते यंत्र चुकतं.

जन्मभर लागेल का? अमेरिकेतल्या टूसान शहरात १९८० पासून मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. तिसऱ्या वर्षाच्या आत ज्यांच्या छातीत शिट्टी वाजली होती, त्यांतल्या साधारण ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला होता. म्हणजे ‘मोठा झाला की जाईल’ हे सासूबाईंचं म्हणणं बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरं ठरतं. जवळच्या नात्यात दमा आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत हा त्रास राहण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे तुमच्या मुलाबद्दल आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पंप दमा मुळासकट काढत नाही, हेही खरं. तो जाईपर्यंतची वर्षं मुलाला नीट झोपता, खेळता, शिकता यावं यासाठी तो आहे. आता पुन्हा सुरू करा आणि तीन महिने नेमाने द्या. तीन महिने त्रासाशिवाय गेले की डॉक्टर डोस कमी करून पाहतील. कमी ते करतील, तुम्ही मनाने नाही. पंपाऐवजी माँटेल्युकास्टच्या गोळ्या लिहून द्या असा आग्रह धरू नका. लहान मुलांत पंपापुढे त्यांचा गुण कमी पडतो, आणि काही मुलांना त्यांनी वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते. दिल्या गेल्या आणि असं काही दिसलं तर लगेच कळवा.

बालवाडीत बाईंना स्पष्ट सांगा, की याला दमा आहे. लपवू नका. दप्तरात ‘त्रासाचा’ पंप, स्पेसर आणि त्या लिहून घेतलेल्या कागदाची प्रत ठेवा, आणि स्पेसर कसा लावायचा ते बाईंना एकदा करून दाखवा.

आणि हो, पळू द्या त्याला अंगणात. दम लागेल म्हणून बसवून ठेवू नका. रोजचा पंप व्यवस्थित चालू असताना तो पळू शकला पाहिजे. पळाल्यावर खोकला आला, खेळ सोडून तो स्वतःहून ओट्यावर येऊन बसायला लागला, किंवा महिन्यात एखाद्या रात्रीही खोकल्याने उठला, तर तारखा कॅलेंडरवर लिहा आणि तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस ठरवायला त्यांना ते लागेल.